शेवटचा घोडा मारायचा नाही

ये गं, अशी जवळ बस. खुर्ची ओढून घे. खरं म्हणजे मनानेच बस, कारण प्रत्यक्ष यायला ठाण्याहून डोंबिवली तुला अमेरिकेइतकी लांब पडते. घोडबंदरच्या त्या उंच मजल्यावरून तुला खाडी दिसते, डोंगर दिसतो, मावशी काही दिसत नाही. जाऊ दे. मी रागावलेली नाही. म्हणजे आहे, पण थोडीच, आणि कशासाठी ते नीट सांगावं म्हणून लिहायला बसले. फोनवर सांगायला गेले तर तू म्हणतेस, मावशी, मीटिंग आहे. आणि माझं बोलणं तुला ठाऊक आहे, ते मीटिंगच्या आधी संपणारं नाही.

तू तुझ्या आईला बजावलंस की टिटवाळ्याहून डोंबिवलीला आता एकटीने जायचं नाही. तिच्या मोबाईलमध्ये ते बुद्धिबळाचं ॲप घातलंस, माझ्यातही घालायला लावलंस, आणि म्हणालीस, घरबसल्या खेळा की दोघी, या वयात कशाला दगदग. हेतू चांगलाच गं तुझा. कल्याणला पुलाच्या जिन्यावर तिचा पाय मुरगळला, सूज चढली, तू घाबरलीस. आईसाठी लेक घाबरणार नाही तर कोण घाबरेल? पण तू नेमकं काय बंद केलंस ते तुला माहीत नाही, आणि ती तुला सांगणार नाही. ती कधी काही सांगते का?

इथे माझ्या टेबलावर पट मांडलेला आहे. अर्धा डाव झालाय. खेळी तुझ्या आईची आहे. त्यावर मी वर्तमानपत्र झाकून ठेवलंय आणि तुझ्या काकांना ताकीद दिलीय की चष्मा शोधताना ते उचलायचं नाही.

आता पहिल्यापासून सांगते.

आमचे अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, तू बघितले नाहीस. कोकणात आमच्या गावी त्यांचं किराणा दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसे. दुकानाची एक फळी लावून घ्यायची, तांदळाच्या पोत्यावर कापडी पट पसरायचा आणि आम्हा दोघी बहिणींना समोर बसवायचं, हा त्यांचा शिरस्ता. मुलगे नव्हते त्यांना. गावातले लोक म्हणायचे, पोरींना हे कशाला शिकवता? अण्णा म्हणायचे, मग मी कोणाशी खेळू, तुमच्याशी? तुम्ही हरलात की उधारी बुडवता.

तर अण्णांनी शिकवलं ते आपलं देशी बुद्धिबळ. त्यात प्यादं सुरुवातीलासुद्धा एकच घर पुढे जायचं. किल्लेकोट, म्हणजे राजा-हत्तीने एका खेळीत जागा बदलणं, वगैरे भानगड नाही. राजाला शह बसायच्या आधी एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता यायची. गावोगावी थोडे थोडे वेगळे नियम असतील, आमच्याकडे हे असे. आणि सगळ्यात मोठा नियम होता तो शेवटाचा. समोरच्याची सगळी मोहरी मारून त्याचा राजा अगदी एकटा पाडलात, तर तुम्ही जिंकला नाहीत. डाव बरोबरीत सुटला. जिंकायचं असेल तर त्याच्याजवळ काहीतरी शिल्लक असताना मात करून दाखवा. एक घोडा, एक उंट, अगदी एक प्यादं तरी त्याच्यापाशी राहू द्यायचं.

त्यामुळे आमच्या हाताला वळणच पडलं होतं. डाव हातात आला की समोरच्याचं शेवटचं मोहरं सांभाळायचं, आपल्या मोहऱ्यासारखं. भाताचं पातेलं कसं आपण अगदी खरवडून रिकामं करत नाही, चार शितं ठेवतो, तसं. अण्णांना मी एकदा विचारलं होतं, हा नियम का? ते म्हणाले, "एकट्याला हरवण्यात काय मर्दुमकी?" आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठले.

मग आमची लग्नं झाली. मी डोंबिवलीत आले, तुझी आई मोहन्याला, तुझे बाबा तिथल्या कंपनीत होते म्हणून. दोघींना सासू, दोघींना मुलं, दोघींना पाण्याच्या वेळा. पट माझ्याकडे आला, कारण थोरली मी. दिवाळीत भेटलो तर एखादा डाव व्हायचा, तोही तुम्ही मुलं उधळायचात. तू स्वतः एकदा उंट तोंडात घातला होतास, त्याच्या मानेवर तुझे दात अजून आहेत. दाखवीन आलीस की.

आणि मग तुझे बाबा गेले. तेव्हाचं तुला सगळं माहीत आहे, पण तू दिवस झाल्यावर ठाण्याला परत गेलीस, तुझे दादा-वहिनी नोकरीवर जायला लागले, आणि टिटवाळ्याच्या त्या नव्या फ्लॅटमध्ये दिवसभर ती एकटी. मी रोज फोन करायचे. जेवलीस का? हो. काय केलेलं? भात. आणि? आणि काही नाही. देवळात जाऊन ये जरा, एवढं गणपतीचं देऊळ जवळ आहे. बघू. फोन ठेवला की मला वाटायचं, मी विहिरीत पोहरा सोडला आणि तो रिकामाच वर आला.

मग मी पट घेऊन टिटवाळ्याला गेले. म्हटलं, चल, एक डाव. ती बसली, नाही म्हणाली नाही. पण खेळली कशी, सांगू? वजीर उघड्यावर टाकला. मी म्हटलं, अगं, बघ जरा. तिने बघितलं आणि म्हणाली, बरं. मी वजीर मारला. त्यावरही बरं. ज्या बाईने लहानपणी एका प्याद्यासाठी माझी वेणी ओढून मला पोत्यावरून खाली पाडलं होतं, ती वजीर गेल्यावर 'बरं' म्हणते. मी पट गुंडाळला आणि परत आले. गाडीत मला रडू येत होतं.

ते पुस्तक मला त्यानंतर सापडलं. सापडलं म्हणजे घरातच होतं. तुझे काका वागळे इस्टेटमध्ये कामाला होते, तिथली करमणुकीची खोली मोडली तेव्हा ते कॅरमचा स्ट्रायकर शोधायला गेले आणि हे पुस्तक घेऊन आले, कोणालाच नको होतं म्हणून. जाड, तपकिरी पुठ्ठ्याचं, इंग्रजी. ते आमच्याकडे वर्षानुवर्षं टीव्हीच्या एका पायाखाली होतं. नवा टीव्ही भिंतीवर गेला तेव्हा पुस्तक मोकळं झालं. मी धूळ झटकून उघडलं तर आत पट आणि मोहऱ्यांची चित्रं. लिहिणारा कोणी जुना परदेशी खेळाडू. त्याचं नाव तुझे काका दर वेळी वेगळं उच्चारायचे, म्हणून आम्ही त्याला नुसतं मास्तर म्हणायला लागलो.

माझं शिक्षण सातवी. इंग्रजी मी मुलांच्या पाठ्यपुस्तकांतून, औषधांच्या खोक्यांवरून आणि टीव्हीखाली येणाऱ्या अक्षरांतून उचललं. शब्दकोश घेऊन बसले की एक परिच्छेद दुपारभर पुरायचा. पण शब्द कळले तरी मास्तर काय म्हणतात ते कळेना. कुठला घोडा कुठे गेला ते कळतं, का गेला ते नाही. जिथे मारामारी चाललीय तिथे हा माणूस जातच नाही, भलतीकडे एक प्यादं एक घर सरकवतो, आणि खाली लिहितो की इथून डाव जिंकलेलाच आहे. अरे, कसा?

तेव्हा मला सुचलं. तुझ्या आईची समजूत काढायला गेलं की ती आत आत जाते. पण मला एखादी गोष्ट समजत नाही म्हटलं की तिला राहवत नाही, लहानपणापासून. माझी गणितं तीच सोडवायची, धाकटी असून. मी फोन केला आणि जेवलीस का विचारलंच नाही. म्हटलं, "हे बघ, माझं डोकं चालत नाही. इंग्रजी मी वाचते, डोकं तू लाव."

तिने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "वाच."

तिच्याकडे नातवाचा प्लास्टिकचा पट होता, तो तिने मांडला. माझ्याकडे अण्णांचा. मी इकडे स्पीकर लावून वाचायची, ती तिकडे मोहरी हलवायची. पहिली पंचाईत झाली ती घरांच्या नावांची. जुनी पुस्तकं आहेत ना, त्यांत एकाच घराला दोन नावं. पांढऱ्याने त्याच्या बाजूने मोजायचं, काळ्याने त्याच्या बाजूने. पांढऱ्याच्या राजापुढचं चौथं घर, तेच काळ्याच्या राजापुढचं पाचवं. मी पार गोंधळून गेले, एक घोडा तर पटाच्या बाहेरच जायला लागला. तुझी आई म्हणाली, "ताई, त्यात काय आहे? तुझा नवरा माझे भावोजी, आणि माझा नवरा तुझे भावोजी. जिच्या घरून मोजशील तसं नातं." बोलली आणि गप्प झाली, कारण तिच्या घरून मोजायला आता माणूस नव्हता. मी पुढची खेळी वाचली.

त्यानंतर आम्ही रोज दुपारी बसायला लागलो. मास्तरांचं म्हणणं असं की नुसती मोहरी मारत सुटू नका, आधी पट बघा. त्यांचा एक आवडता शब्द होता, त्याचा अर्थ मी शब्दकोशातून काढला, कमकुवत घर. आता घराला कसला अशक्तपणा? मोहरं कमकुवत असेल, घर कसं असेल? दोन दिवस आम्ही त्यावर अडलो. मग तिचा फोन आला, माझ्या आधी. हे लक्षात घे, तुझे बाबा गेल्यावर तिने आपणहून केलेला तो पहिला फोन. म्हणाली, "आमच्या सोसायटीच्या मागची भिंत पडलीय, आठवतं? तिथे कोणी नाही तोवर ती नुसती मोकळी जागा. पण एकदा कोणी टपरी टाकली की हलवायला जमतं का? प्यादी म्हणजे भिंत. ती पुढे गेली, आता मागे येणार नाहीत. मागे जे घर उघडं राहिलं तिथे त्याचा घोडा येऊन टपरी टाकतो." मी चित्र बघितलं. अगदी तसंच. घोडा मस्त मधोमध बसलाय आणि कोणी त्याला हुसकू शकत नाही. तेव्हापासून आमच्या भाषेत तो डाव म्हणजे टपरीचा डाव.

दुसऱ्या एका धड्यात मास्तर सांगतात की आपलं काही करायच्या आधी समोरच्याला काय करायचंय ते ओळखा, आणि ते होऊ देऊ नका. मग आपलं सावकाश करा. मी हे वाचून संपवायच्या आत ती म्हणाली, "यात नवीन काय? ही तर माझी सासू." तुझी आजी गं. मी हसून हसून फोन खाली ठेवला. तुझी आई हसली नाही, पण तिचा आवाज मला कळतो, ओठ दाबून बसली होती.

आणि तो वाईट उंट. मास्तर एका उंटाला सरळ वाईट म्हणतात. बिचारा कोपऱ्यात उभा, कोणाचं काही घेतलेलं नाही, त्याला वाईट का म्हणावं? तुझी आई त्याच्या बाजूने फार भांडली. शेवटी तिनेच उलगडलं. उंट तिरका चालतो ना, काळ्या घरांतला काळ्यातच राहतो. आणि नेमकी त्याचीच प्यादी काळ्या घरांवर येऊन उभी राहिली आहेत. म्हणजे शत्रूने नाही, घरच्यांनीच वाट अडवलीय. "उंट चांगला आहे," ती म्हणाली, "माणसं त्याच्या काळजीनेच उभी आहेत पुढे, पण हलायला जागा नाही त्याला." हे वाक्य लक्षात ठेव. मी पुढे काढणार आहे.

हे सगळं चाललेलं असताना ती घराबाहेर मात्र पडत नव्हती. ये की डोंबिवलीला, म्हटलं की बघू. भाजीसुद्धा दारावर यायची. फोनवर दोन तास बोलायची, फोन ठेवला की पुन्हा त्या खिडकीपाशी. तुझी वहिनी मला सांगायची.

मग तो डाव आला, पुस्तकाच्या जवळजवळ शेवटी. मास्तरांनी त्याचं इतकं कौतुक केलंय की पान वाचताना वाटतं, आता आरती म्हणतील. पांढरा जिंकत आलाय. त्याच्याकडे हत्ती आणि दोन प्यादी. काळ्याकडे राजा आणि फक्त एक घोडा. मी वाचलं, आणि हत्तीने घोडा मारला. पुन्हा वाचलं. तेच. हत्तीने शेवटचा घोडा मारला. खाली मास्तर लिहितात, साधं आणि नेमकं.

पलीकडे मोहरं पटावर परत ठेवल्याचा आवाज आला. मग तुझी आई म्हणाली, "चुकून मारला असेल."

आता गंमत बघ. पुस्तकात प्यादी पहिल्या खेपेला दोन घरं जातात, किल्लेकोट होतो, ते सगळं आम्ही मुलांचा खेळ बघून सांभाळून घेतलं होतं. पण शेवटचा नियम आम्हाला नियम वाटतच नव्हता. ऊन पूर्वेकडून येतं तसं ते. राजा एकटा पाडला की डाव गेला, हे जगात कोणाला माहीत नसेल असं आमच्या मनातही आलं नाही. त्यामुळे आम्हाला दिसलं ते असं की एवढा मोठा खेळाडू, इतक्या मेहनतीने जिंकत आणलेला डाव शेवटच्या खेळीला हाताने घालवतो, आणि मास्तर वाहवा करतात.

मग आम्ही शोधायला लागलो की यात खोल विचार काय आहे. तोवर मास्तरांनी आम्हाला पुरतं शिकवलं होतं ना, की वरवर वेडी दिसणारी खेळीच शहाणी असते. मी म्हटलं, छापायची चूक असेल. ती म्हणाली, चित्रातसुद्धा घोडा नाहीये. मग मला वाटलं, पांढरा मोठ्या मनाचा असेल, त्याने बरोबरी देऊन टाकली. ती म्हणाली, दानधर्म करायचा तर आधी कशाला रक्त आटवलं? मग आम्ही तो डाव पहिल्या खेळीपासून पुन्हा पुन्हा मांडला, म्हटलं आपलंच वाचन चुकलं असेल. दर वेळी तो घोडा मरायचाच. सकाळी तिचा फोन, दुपारी माझा. तुझे काका म्हणाले, आपल्या लग्नाच्या वेळीसुद्धा एवढा खल झाला नव्हता.

शेवटी तेच बोलले. वर्तमानपत्र खाली न करता म्हणाले, "अगं, त्यांच्याकडे तो नियमच नसेल."

मी फोनवर तुझ्या आईला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, हो की, वेड्याच आपण. पण ती म्हणाली, "नियम नाही म्हणजे? एकट्याला मारत सुटायचं?" मी म्हटलं, मारावंही लागत नाही गं, पुढे लिहिलंय, काळ्याने डाव सोडला. मी शब्दकोशात बघितलं होतं, राजीनामा दिला असा अर्थ निघतो. ते ऐकून तर ती भडकलीच. म्हणाली, आता कशाला सोडला? आता तर तो सुटला होता. आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डाळ शिजत लावलेली, दाराची बेल वाजली. तुझी आई. एकटी. हातात पिशवी, पिशवीत घावनांचा डबा, कपाळावर घाम. जी बाई देवळापर्यंत जात नव्हती ती टिटवाळ्याहून गाडी पकडून डोंबिवलीला उतरली, रिक्षा केली आणि तीन जिने चढून आली. मी पाणी पुढे केलं. ते तिने तुझ्या काकांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आण ते पुस्तक. मला बघायचंय तो खरंच मेला का."

आम्ही चित्र बघितलं. मेला होता.

मग मी अण्णांचा पट काढला. म्हटलं, बस. मी मास्तरांसारखी खेळते, तू अण्णांसारखी खेळ, बघू कोणाचं खरं. ती बसली, आणि या खेपेला वजीर उघड्यावर टाकला नाही. उलट माझाच उंट घेतला आणि माझ्याकडे बघितलं नाही, लहानपणी बघायची नाही तशीच. डाळ करपली. काकांनी गॅस बंद केला आणि घावनं खात बसले. मी काय केलं, तिच्या एका घरात टपरी टाकली. घोडा असा रोवला की तिला हलवता येईना. हळूहळू तिची एकेक मोहरी गेली. शेवटी तिच्याकडे राजा आणि एक घोडा, माझ्याकडे हत्ती आणि काही प्यादी. अगदी पुस्तकासारखं झालं, मुद्दाम केलं असतं तरी जमलं नसतं. आणि तो घोडा माझ्या हत्तीच्या वाटेत होता.

माझा हात हत्तीवर गेला आणि तिथेच राहिला. लहानपणचं वळण.

"मार की," ती म्हणाली. "तुझे मास्तर मारतात ना?"

"मारला तर भांडशील."

"मारून तर बघ."

मी मारला. तिने घोडा उचलून बाजूला ठेवला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "झाली बरोबरी."

मी म्हटलं, पुस्तकाच्या हिशेबाने मी जिंकले. ती म्हणाली, "पुस्तक तुझं असेल, पट अण्णांचा आहे." डाव तर संपला होता, पण तिने आपला राजा उचलून एक घर पुढे ठेवला. मग आणखी एक. मला म्हणाली, "एकटा आहे, पण चालतोय बघ."

आणि हसली गं. तोंडावर हात न घेता हसली. काका खोलीतून बघायला आले, काय झालं म्हणून. आम्हाला दोघींना सांगताच येईना.

त्यानंतर ती दर गुरुवारी यायला लागली. येताना टिटवाळ्याचं काहीतरी पिशवीत, जाताना माझ्याकडचं काहीतरी. आमचा एक करार झाला, डाव मास्तरांच्या नियमाने सुरू करायचा आणि अण्णांच्या नियमाने संपवायचा. तुला म्हणून सांगते, मास्तर आम्हाला अजून अर्धेसुद्धा कळलेले नाहीत. एक धडा तर असा आहे की त्यात काळा आपला हत्ती देऊन घोडा घेतो आणि मास्तर म्हणतात फायदा झाला. तिथे आम्ही अनेक गुरुवार बसलो. तुझी आई म्हणते, एखाद्या दिवशी कळेल. तिचं हे 'एखाद्या दिवशी' म्हणणं मला इतकं आवडतं. मधल्या काळात ती कुठल्याच पुढच्या दिवसाबद्दल बोलत नव्हती ना.

आणि मग तो जिना, तो पाय, आणि तुझी बंदी.

तुझं ॲप चांगलं आहे, मी नावं ठेवत नाही. पण त्यात ती समोर नाही. मी खेळी केली की टुणकन आवाज येतो आणि झालं. ती कुठे बघतेय, ओठ दाबतेय का, काही नाही. भांडायचं कोणाशी? आणि राजा एकटा पडला तरी ॲप डाव थांबवत नाही, मात होईपर्यंत पळवतं बिचाऱ्याला. हेही मी चालवून घेतलं असतं. पण परवा काय झालं ते ऐक. तिने वजीर उघड्यावर ठेवला. मला वाटलं, बोट चुकलं असेल, ते चौकोन केवढेसे. मी लिहिलं, वजीर बघ, मी मारत नाही, परत घे. तिचं उत्तर आलं. एकच शब्द.

"बरं."

त्या दिवसापासून मला चैन नाही. म्हणून हे लिहितेय.

तू तिची काळजी करतेस, दादा करतो, वहिनी करते. तुम्ही सगळी तिच्या पुढे उभी आहात, तिला काही होऊ नये म्हणून. तो उंट आठवतोय ना? तेवढंच म्हणायचंय मला, जास्त नाही. पाय बरा झालाय तिचा, तुझ्या वहिनीनेच सांगितलं. पुलावर भीती वाटते तर वाटू दे, तेही मला मान्य, एकटीने नको. मग तुझी ती गाडी कशाला आहे? रविवारी टिटवाळ्याला जा, तिला घाल गाडीत आणि सरळ इथे या. विचारत बसू नकोस, बघू म्हणेल. तिला सांग, ताईने पटावरचं वर्तमानपत्र काढलंय आणि तुझ्या घोड्याला वाट नाही. बघ कशी चप्पल घालते.

तुला बुद्धिबळ येत नाही म्हणून कंटाळशील, तर कंटाळू नकोस. काकांबरोबर कॅरम खेळ, त्यांना कोणी मिळत नाही. मी डाळ करपू देणार नाही. आणि तुझ्या दातांचा तो उंट बघायचाय ना?

खेळी तिची आहे, आणि मला वाट बघायची सवय नाही. ये गं लवकर, तिला घेऊन.